समाधानच्या लग्नाची फाइल

सुरतेतल्या आमच्या भेस्तानच्या घराला दोनच खोल्या होत्या, आणि त्यातली बरी, खिडकीची खोली कॉम्प्युटरला दिलेली होती. राहायचो आम्ही सगळेच तिथे, पण ऊन, धूळ आणि पाहुण्यांची पोरं यांच्यापासून जपलं जायचं ते त्या कॉम्प्युटरला. आईने जुन्या साडीचा गलेफ शिवून त्याला घातला होता आणि संध्याकाळी दिवा लावला की देवाबरोबर त्यालाही उदबत्ती ओवाळायची. माझे वडील, आबा, कडोदऱ्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, रात्रपाळी करायचे. सकाळी घरी येऊन, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन ते टेबलाखाली पाय घालून झोपत, कारण खोलीची लांबीच तेवढी होती. सगळं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. माझे स्पीकर कितीही वाजले तरी त्यांची झोप मोडत नसे. उलट कॅबिनेटच्या पंख्याची थरथर तळपायाला लागली की बरं वाटतं, असं म्हणायचे.

माझा मोठा भाऊ प्रवीण लग्नांचं शूटिंग करायचा. सुरतेत खान्देशातली माणसं उदंड, आणि प्रत्येकाला लग्नाची डीव्हीडी हवी. उन्हाळ्यात भाऊ घरी दिसायचाच नाही. दिसला तर झोपलेला दिसायचा. कॅमेऱ्यातली कार्डं तो माझ्यापुढे ठेवायचा, मी त्यातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचे, आणि तो तीच कार्डं रिकामी करून पुढच्या लग्नाला जायचा. मग माझं काम सुरू व्हायचं. त्याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणत. नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, खालचा सगळा गोंगाट पुसून टाकायचा आणि त्यावर गाणी चढवायची. लग्नाच्या व्हिडिओत माणसं बोलताना दिसतात पण ऐकू येत नाहीत, हे तेव्हा कुणालाच विचित्र वाटायचं नाही. मलाही नाही. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं होतं आणि या कामाने मला घरात एक जागा मिळवून दिली होती. आई कुणालाही सांगायची, "मन्ही पोर काम्पुटरवर काम करस." त्यात तिचा आवाज थोडा चढायचा.

आज माझं वय फार झालेलं नाही. डोळे मात्र माझ्याआधी म्हातारे झाले, ते त्याच वर्षांत. तरीही त्या कामाचं एक वेड होतं. अनोळखी माणसं मला आतून माहीत व्हायची. नवऱ्या मुलाची आत्या कोणावर रुसलीय, कोण जेवणाच्या पंगतीत दुसऱ्यांदा बसलंय, नवरीची धाकटी बहीण कोणाकडे बघतेय. एकच क्षण मी पन्नास वेळा मागेपुढे करून बघायचे. ती माणसं पुढे बाजारात समोरून गेली तर मला ओळखायची नाहीत, आणि मला मात्र त्यांच्या मानेवरचा तीळही माहीत असायचा.

समाधान आणि वैशालीचं लग्न अशाच एका उन्हाळ्यातलं. तो पांडेसऱ्याच्या बाजूला एका कापडाच्या मिलमध्ये कामाला होता, ती कतारगामची. मांडव साधाच होता. समाधान उंच होता, बारीक होता आणि फेटा त्याला मोठा होत होता. तो सारखा कपाळावर सरकायचा आणि समाधान तो दोन बोटांनी मागे सारायचा. वैशालीने सगळ्या लग्नात मान वर केली नाही. भाऊ वैतागून म्हणाला होता, "या नवरीचा चेहरा शोधूनच काढ तू. मला तर नुसता भांगच दिसला."

त्याच सुमाराला भावाने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. लग्नं साचली होती, आणि तयार व्हिडिओ बाहेर काढायला आमच्या जुन्या मशीनला अख्खा दिवस लागायचा. कार्ड चांगलं जाडजूड होतं, त्यालाच दोन पंखे. उधन्याला हितेशभाईंचं छोटं दुकान होतं, आमचा कॉम्प्युटरही त्यांनीच जुळवून दिलेला. त्यांनी घरी येऊन कार्ड बसवलं, आईच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "बेन, हवे जोजो, आता बघाच. रॉकेट थई गयुं." आईने कार्डाच्या रिकाम्या खोक्याला हळदकुंकू लावून ते कपाटावर ठेवलं.

पहिले काही दिवस खरंच रॉकेट होतं. मग एका दुपारी, व्हिडिओ बाहेर निघत असताना, पडदा जागच्या जागी थिजला. स्पीकरमध्ये गाण्याचा एकच तुकडा ट्र्र्र करत अडकला. मग निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू. मी पुन्हा काम लावलं. पुन्हा तेच. साधं काही करताना, गाणी ऐकताना, टायटल टाइप करताना काही व्हायचं नाही. जोराचं काम दिलं की कोसळायचं.

हितेशभाई फोनवर म्हणाले, जुन्या कार्डाचा ड्रायवर प्रोग्राम आत राहिला असेल, तो काढून टाका. मी काढला. नवा टाकला. त्याने झालं नाही तेव्हा नव्याच्या आधीचा टाकला. मग कुणी सांगितलं रॅम काढून खोडरबराने तिची टोकं घासा, तीही घासली. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. त्या वाऱ्यात आबांची चादर उडायची म्हणून आईने तिची टोकं वीट ठेवून दाबली. दोन दिवस बरे गेले की घरात सगळ्यांचे चेहरे उजळायचे, आणि तिसऱ्या दिवशी परत तो निळा पडदा. भाऊ आल्या आल्या पहिल्यांदा मशीनकडे बघायचा, मग माझ्याकडे. "झालं?" मी नाही म्हणून मान हलवायचे. तो न जेवता कॅमेऱ्याची बॅग उचलायचा. आई मागून ओरडायची, "अरे, दोन घास खाई जा ना!" गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले होते. लोक चिडून बोलायचे, आणि ते बोलणं तो माझ्यापर्यंत येऊ द्यायचा नाही, एवढं मला कळायचं.

एका सकाळी आबा कामावरून आले आणि हातपाय न धुताच दारात बसले. कडोदरा चौकडीवर, म्हणजे तिथल्या चौकात, रात्री एक मोटारसायकल ट्रकखाली गेली होती. आपल्याकडचाच पोरगा, म्हणाले, नवं लग्न झालेला. खात्यातल्या माणसांनी नाव सांगितलं. आईने विचारलं, "कोन्हा पोऱ्या?" आबांनी सांगितलं आणि मला आधी काही समजलंच नाही. नाव ओळखीचं वाटलं, पण कुठलं, ते आठवेना. मग माझी नजर टेबलाकडे गेली. आदल्या दिवशी मशीन कोसळलं तेव्हा मी त्याचीच हळद जोडत होते.

मी त्या माणसाशी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. तरी त्या दिवशी मी भाकरी तशीच ठेवून उठले. आईला वाटलं मी घाबरलेय, तिने माझ्यावरून मीठमोहरी उतरवून टाकली.

तेराव्यानंतर समाधानचे वडील आमच्याकडे आले. भावाने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. खिडकीपाशी उभं राहूनच म्हणाले, "ते व्हिडिओचं काम बंद करा. करू नका. आमच्या घरात ते नको."

"बरं, काका," भाऊ म्हणाला.

"आणि कुणी मागायला आलं तरी देऊ नका."

कुणी म्हणजे कोण, ते आम्हाला नंतर कळलं. वैशालीला त्यांनी माहेरी पाठवून दिलं होतं. पोरीच्या पायगुणाचं बोलणं वस्तीत सुरू झालं होतं. आमच्या नळावर बायका हळू आवाजात बोलायच्या, आणि आई बादली अर्धी भरली असतानाच उचलून आणायची.

वैशाली आली ती एका दुपारी. भेस्तानला तिची मावशी राहत होती, साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणायची. ते शिकायचं निमित्त करून ती आली होती. आबा झोपलेले, भाऊ बाहेर. मी तिला पहिल्यांदा सरळ समोरून पाहिलं, आणि मला वाटलं, हिचे डोळे असे आहेत होय. ती माझ्याच वयाची असेल, तरी मला ताई म्हणाली.

"ताई, सासऱ्यांनी नको सांगितलं ते माहीत आहे मला. मला डीव्हीडी नको. फोटोही नकोत, ते तिकडे कपाटात ठेवलेत त्यांनी. मला फक्त त्यांचा आवाज पाहिजे."

तिला वाटलं मला कळलं नाही.

"चेहरा आठवतो. आवाज जातोय. रोज थोडा जातोय. ते कमीच बोलायचे, घरात माणसं खूप, आणि त्यांची पाळी... मी झोपायचे तेव्हा ते यायचे. फोन होता, तो त्यांच्याबरोबरच फुटला." मग तिने टेबलाकडे बोट केलं. "यात असेल ना?"

यात होता. आणि तो कुठे होता, हे जगात फक्त मला माहीत होतं. तयार व्हिडिओत तो कधीच आला नसता, त्यावर मी गाणं चढवलं असतं. पण कच्च्या शूटिंगमध्ये, जेवणाच्या आधी, सगळ्यांनी समाधानला नाव घ्यायला लावलं होतं. मी तो तुकडा बघितला होता. बघितला म्हणजे नुसता डोळ्यांनी, आवाज बंद ठेवून, कारण गोंगाटाने डोकं दुखायचं. त्याचे ओठ हलले होते, मग तो हसला होता, मग सगळे हसले होते.

"आहे," मी म्हणाले. "मी काढून देते तुला."

आई स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता बोलेल, कशाला दुसऱ्याच्या भांडणात पडतेस म्हणून. ती आत गेली आणि वैशालीसाठी ताटात खिचडी आणि वर लसणाचं तेल घालून घेऊन आली. "खाय माय," म्हणाली. "पोटले कसाले सजा देस?" वैशालीने खाल्लं. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती खात राहिली.

तोपर्यंत मशीनची अवस्था फार वाईट झाली होती. आता जोराचं काम लागतच नव्हतं. नुसतं फोल्डर उघडलं तरी कोसळायचं. मी पाच-सहा दिवस प्रयत्न करत राहिले. चालू व्हायचं, मी समाधानच्या लग्नापर्यंत पोचायचे, आणि निळा पडदा. शेवटी भावानेच ठरवलं. सगळं या कार्डाने सुरू झालंय ना, मग कार्डच काढ. मॉनिटरची वायर मागे मशीनच्या मूळ खाचेत लावली तर कार्डाशिवायही चित्र दिसतं, हे आम्हाला ठाऊक होतं. भावाने स्क्रू काढले, कार्ड उपसलं आणि रागाने गादीवर फेकलं. मशीन चालू केलं. ते चाललं. तास गेला, दोन तास गेले, काही झालं नाही. घरात कितीतरी दिवसांनी हसू आलं. चोर सापडला, भाऊ म्हणाला. तो कार्ड पिशवीत घालून हितेशभाईंशी भांडायला उधन्याला गेला.

मी दार लोटून घेतलं आणि कानाला हेडफोन लावले. तो तुकडा उघडला. बायकांचा कलकलाट, कुणाचं तरी पोर रडतंय, आणि त्यात तो. आवाज माझ्या अंदाजापेक्षा जाड होता. मला त्या बारीक अंगातून बारीक आवाज येईल असं वाटलं होतं. "अरे, मला पाठ होतं," तो म्हणाला. "सकाळपासून पाठ होतं. वैशाली... वैशाली..." मग हसला. "जाऊ द्या ना, वैशालीचं नाव घेतलं ना मी, झालं की!" आणि मग सगळ्यांच्या हसण्यात तो बुडून गेला.

मी तो एकदाच ऐकला. पुन्हा ऐकू शकले असते. पण वाटलं, हे तिचं आहे, आपण दुसऱ्यांदा कशाला ऐकायचं. पेनड्राइव्ह लावला आणि फाइल त्यावर टाकायला सुरुवात केली. मोठी फाइल होती. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. आई आत डाळ घोटत होती, घुट्याचा वास आला होता, आबा घोरत होते. मग टेबलाखालून फट्ट असा आवाज झाला, फटाक्यासारखा मोठा नाही, कुणी वाळकी शेंग मोडावी तेवढाच. पडदा काळा झाला. आबा दचकून उठले, त्यांनी पाय ओढून घेतले. जळक्या रबरासारखा वास खोलीभर पसरला.

हितेशभाई भावाबरोबरच आले. त्यांनी दुकानात ते कार्ड दुसऱ्या मशीनला लावून दाखवलं होतं, आणि ते तिथे एकदाही अडखळलं नव्हतं. कार्डात कधी दोष नव्हताच. त्यांनी कॅबिनेट उघडून मागचा पत्र्याचा डबा काढला, जो भिंतीतली वीज घेऊन मशीनला वाटून देतो. तो जुना होता, हलका होता. नव्या कार्डाला जेवढी वीज लागायची तेवढी द्यायची त्याची ताकद नव्हती. रोज ओढून ओढून तो आतून जळत आला होता. कार्ड काढलं तेव्हा त्याच्यावरचा भार कमी झाला आणि आम्हाला वाटलं सगळं बरं झालं, पण तोवर तो संपलेलाच होता. आणि जाताना त्याने भलतीच वीज आत सोडली होती. हितेशभाई खाली मान घालून म्हणाले, "बसवलं तेव्हा मी डबा बघायला पाहिजे होता, बेन." भाऊ भांडायच्या तयारीने गेलेला, पण आता तो हार्डडिस्क हातात धरून बसला होता. ती अजून कोमट होती.

ती डिस्क आम्ही सुरतेत जिथे जिथे कुणी सांगेल तिथे नेली. एकाने तिचा खालचा भाग बदलून पाहिला, एकाने कानाला लावून ऐकलं आणि परत दिली. पेनड्राइव्हवर फाइलचं नाव आलं होतं, आत काही नव्हतं. भावाने कॅमेऱ्याची कार्डंही तपासून पाहिली, त्यांच्यावर केव्हाच दुसरी लग्नं चढली होती. त्या उन्हाळ्यातली आमची बाकीचीही लग्नं त्या डिस्कबरोबर गेली. ते निस्तरायला भावाला फार जड गेलं. शूटिंग सोडून तो वर्षभर आबांच्या खात्यात लूमवर उभा राहिला. नव्या डब्यावर तेच कार्ड मात्र पुढे कित्येक वर्षं चाललं. हल्ली माझी मुलगी मोबाइलवर काहीही काढते, ते आपोआप कुठेतरी साठत राहतं, आणि ती नंतर ते बघतही नाही. मी तिला काही म्हणत नाही.

डिस्क गेल्याचा वैशालीला निरोप पाठवावा की आपण जावं, हे ठरवत असतानाच ती आली. मी तिला सगळं सांगितलं. डबा, वीज, डिस्क. ती ऐकत होती, पण त्यातलं तिला काही नको होतं. आबा जागे होते, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काळ्या मॉनिटरवर आईने परत गलेफ घातला होता.

"तुम्ही ऐकला?" तिने विचारलं.

"एकदा."

"काय म्हणत होते?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. सकाळपासून पाठ होतं, इथपासून. ती म्हणाली, "मला काहीच ऐकू आलं नव्हतं. सगळे हसत होते, मला वाटलं मलाच हसताहेत." मग म्हणाली, "आवाज कसा होता?"

मला ते सांगता येईना. जाड होता, म्हणाले. थोडा बसल्यासारखा. हसताना वर चढायचा. तिने डोळे मिटून मान हलवली, पण माझ्या शब्दांतून तिला तो ऐकू येत नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"मी तर खालीच बघत होते सगळा वेळ. तुम्ही पाहिलंय ना सगळं? ते काय करत होते?"

मग मी सांगत बसले. जे जे मागेपुढे करून पाहिलं होतं ते सगळं. फेटा कसा सरकायचा. हळदीच्या वेळी मामाने गालावर जास्त हळद चोळली तेव्हा त्याने कसं तोंड वाकडं केलं. मंगलाष्टकं लांबली तेव्हा तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. एका म्हाताऱ्या बाईला खुर्ची नव्हती तर त्याने पाटावरूनच मित्राला खूण करून ती आणायला लावली. ही बाई कोण, ते तिने लगेच ओळखलं, त्याची आजी. ती मध्येच विचारायची, मग? मी पुढचं सांगायचे. आईने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

"आणि अंतरपाट काढला तेव्हा?" तिने विचारलं. "तेव्हा माझ्याकडे बघितलं का त्यांनी?"

तो क्षण मला चांगला आठवत होता. भावाने तो जवळून घेतला होता, कारण तिथे नवरानवरीची नजर मिळते आणि तो तुकडा हळू चालवायचा असतो. पण यांची नजर मिळाली नव्हती, म्हणून मी त्याच्यावर फार वेळ घालवला होता.

"चेहऱ्याकडे नाही," मी म्हणाले. "तू मान खाली घातली होतीस, तर तू काय बघतेयस ते बघायला त्यानेही खाली बघितलं. तुझ्या पायांकडे. मग बराच वेळ तिकडेच बघत राहिला. भटजींनी हार घालायला सांगितलं तेही त्याला ऐकू आलं नाही, मित्राने कोपर मारलं तेव्हा त्याने वर बघितलं."

वैशालीने साडीचा काठ जरासा वर घेतला आणि आपल्या पायांकडे पाहिलं. जोडवी काढून घेतलेली होती. ज्या बोटांवर ती होती तिथली कातडी अजून बाकीच्या पायापेक्षा उजळ होती, गोल, आणि ती त्यावरून अंगठा फिरवत कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.